मेव्ह राणीच्या डोंगरावर धुकं उतरलं तेव्हा

न्यूयॉर्कच्या विमानतळावर आमच्या दोन्ही बॅगा पट्ट्यावरून आत सरकल्या, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. आता अरविंद परत फिरणार नव्हते. घरातून निघाल्यापासून गाडीत त्यांचं एकच पालुपद चाललं होतं, "अगं, जायचं नाही तर नाही, कॅन्सल केलं तरी कोणी काही म्हणणार नाही." मी सगळा रस्ता खिडकीबाहेरची शेतं बघत बसले होते.

अरविंद म्हणजे माझे यजमान. ऐंशीच्या दशकाच्या त्या मधल्या वर्षांत आम्ही पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या, विद्यापीठाभोवती वसलेल्या गावात राहत होतो. ते तिथे धातुशास्त्र शिकवत. आदल्या हिवाळ्यात वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता त्यांच्या छातीत कळ आली. बायपास झाली, ती उत्तम झाली. डॉक्टरांनी बजावून सांगितलं की चाला, जिने चढा, प्रवास करा, काहीही होणार नाही. ते आम्ही दोघांनीही ऐकलं. पण विश्वास फक्त मी ठेवला, तोही दिवसाउजेडी. अरविंदांनी मात्र डाव्या मनगटावर दोन बोटं ठेवून बसायची सवय लावून घेतली. जेवताना, टीव्ही बघताना, माझं बोलणं चालू असताना त्यांचं लक्ष सगळं त्या बोटांखाली. पाहुणे आले की लोकांना वाटायचं, हा माणूस घड्याळ बघतोय.

आयर्लंडला जायचा घाट घातला तो आमच्या शेजारणीने. कॅथलीन तिचं नाव. सारा जन्म हॉस्पिटलात नर्स म्हणून काढलेली, नवरा गेल्यावर एकटी राहणारी, मूळची आयर्लंडमधल्या स्लायगो भागातली. तिचा थोरला भाऊ टॉम तिथेच वडिलांच्या शेतावर राहत होता. त्या शेतामागच्या डोंगरावर मेव्ह राणीची कबर आहे, असं ती मला कितीदा सांगत असे. एका दुपारी ती आमच्या स्वयंपाकघरात आली आणि अरविंदांपुढे उभी राहून म्हणाली, "प्रोफेसर, तुमच्याबरोबर चोवीस तास एक नर्स येतेय. अमेरिकेत ही चैन कोणाला मिळते?" आमची मुलगी अनघा तेव्हा फिलाडेल्फियात कॉलेजात होती. तिनेही फोनवरून एवढंच म्हटलं, "बाबा, जस्ट गो, प्लीज." नर्स बरोबर आहे या एका मुद्द्यावर अरविंद तयार झाले. मात्र हातातल्या बॅगेत त्यांनी औषधांच्या बाटल्यांखाली हृदयाचे आलेखही घेतले होते.

शॅनन विमानतळावर उतरलो तेव्हा पहाट उलटली होती आणि बाहेर भुरभुर चालू होती. कस्टमवाल्याने माझी बॅग उघडून मोहरी-हळदीच्या पुड्या बघितल्या. मग हिंगाची डबी उचलून तिचं झाकण काढलं.

"हे काय आहे?"

"स्वयंपाकाला लागतं," मी म्हटलं.

त्याने डबी नाकाजवळ नेली आणि लगेच झाकण घट्ट लावून माझ्या हातात दिली. "माझा तुमच्यावर विश्वास आहे, मॅडम," तो म्हणाला आणि पुढच्या माणसाकडे वळला.

गाडी भाड्याने घेताना खरी पंचाईत झाली. कॅथलीनची नजर अधू झाल्यामुळे ती गाडी चालवत नसे. अरविंदांनी आजारानंतर स्टिअरिंगला हात लावला नव्हता. राहिले मी. मी ड्रायव्हिंग शिकले अमेरिकेत, म्हणजे रस्त्याच्या उजव्या बाजूने आणि गिअर न बदलता चालणाऱ्या गाडीवर. इथे रस्ता आपल्यासारखाच डावीकडून, आणि गाडीला गिअर. पहिल्याच गावात, चौकाच्या मधोमध, गाई रस्ता ओलांडत होत्या म्हणून थांबले आणि गाडी जी बंद पडली, ती काही केल्या निघेना. गाई निघून गेल्या. गुराखी मात्र आमची मजा बघत उभा राहिला.

अरविंद पुण्यात वर्षानुवर्षं स्कूटर चालवलेले. त्यांचा संयम सुटला. "क्लच सोड. अगं, हळू सोड! हळू म्हणजे काय असतं ते माहीत आहे का तुला? आता डावीकडे. डावीकडे! तो ट्रक आपल्याला ठोकायला आलेला नाही, त्याच्या बाजूने चाललाय!"

स्लायगोपर्यंत सगळी दुपार हेच चाललं. माझे खांदे भरून आले. पण त्या आरडाओरड्यात त्यांची बोटं एकदाही मनगटाकडे गेली नव्हती. मागच्या सीटवर बसलेल्या कॅथलीनने ते टिपलं होतं. आरशातून तिने मला डोळा मारला.

स्लायगोच्या अलीकडे एका वळणावर तो डोंगर दिसला. नॉकनरे त्याचं नाव. उपड्या परातीच्या मधोमध कोणी लिंबू ठेवावं तसा सपाट माथ्याचा डोंगर आणि त्यावर एक उंचवटा. मैलोन् मैल तो उंचवटा नजरेतून हटत नव्हता. एवढ्या दुरून दिसतो म्हणजे जवळून केवढा असेल, या विचाराने मी गाडीचा वेग कमी केला.

"ती बघ, आमची बाई," कॅथलीन म्हणाली. परक्या देशातून आल्यावर देवळाचा कळस बघून आपला आवाज होतो, तसा तिचा आवाज झाला होता.

टॉम दारातच उभा होता. उंच, हाडकुळा, टोपी डोक्यावरून न काढणारा. बहिणीला भेटून त्याने तिच्या पाठीवर एक थाप मारली आणि "उशीर केलात" एवढंच म्हणाला. स्वयंपाकघरात टर्फ (दलदलीतून विटांसारखी कापून वाळवलेली माती) जळत होतं. शेताच्या कडेला त्याचे ढीग आमच्याकडच्या गोवऱ्यांसारखे रचून ठेवले होते आणि धुराचा वासही मला घरचा वाटला. काळाकुट्ट चहा, सोडा घालून भाजलेला जाडसर पाव आणि खारट लोणी पुढे आलं. त्यावर आम्ही तुटून पडलो. मग टॉमने पातेल्याचं झाकण उघडलं, तर आत कोबीबरोबर शिजवलेलं डुकराचं मांस.

"आम्ही मांस खात नाही," मी ओशाळून म्हटलं.

टॉमने पातेल्यात एकदा वाकून बघितलं. "थोडंसुद्धा?"

दुसऱ्या दिवशी स्वयंपाक मी हातात घेतला. मोहरी तडतडली तेव्हा टॉमचा कुत्रा बाहेर पळाला. टॉम मात्र बटाट्याची भाजी ताटलीत पुनःपुन्हा घेत राहिला. "जन्मभर मी बटाटे खातोय. असं काही त्यांच्यात असेल असं वाटलं नव्हतं," तो म्हणाला. त्या बदल्यात त्याने आम्हाला कॅरगीन (समुद्रकाठच्या खडकांवर वाढणारं शेवाळ) दुधात उकळून केलेली खीर खाऊ घातली. थंड झाल्यावर ती खरवसासारखी थुलथुलीत वडी होते. शेवाळ म्हटल्यावर मी नाक मुरडलं होतं, पण चव छान होती.

जेवताना त्याने राणीची गोष्ट सांगितली. मेव्ह ही या पश्चिमेकडच्या मुलखाची राणी. लढाऊ, हट्टी, कोणाला हार न जाणारी. ती मेली तेव्हा तिला आडवी पुरली नाही. अंगावर चिलखत, हातात भाला, अशी उभी पुरली, आणि तिचं तोंड उत्तरेकडच्या शत्रूंच्या दिशेला केलं. वरून दगडांची ती रास रचली.

धातुशास्त्राच्या प्राध्यापकांना राहवलं नाही. "भाला कशाचा? लोखंडाचा की काशाचा?"

"ते तिला विचारावं लागेल."

"कोणी खणून बघितलं नाही?"

"नाही."

"मग ती आत आहे कशावरून? शिवाय अशा राशी अश्मयुगातल्या असतात असं मी वाचलंय. तेव्हा धातूच नव्हता."

टॉमने शांतपणे चहा ढवळला. "तुमचं बरोबर असेल, प्रोफेसर. पण ती आहे."

पहिले काही दिवस आम्ही सपाटीवरच हिंडलो. डोंगराच्या पायथ्याशी कॅरोमोर नावाची जागा आहे. तिथे कुरणांत जुन्या थडग्यांचे दगड गोल मांडलेले दिसतात आणि त्यांच्यामधून गाई चरत असतात. एका दगडाला अंग घासणाऱ्या गाईकडे बघत अरविंद म्हणाले, "हिला इतिहासाचा चांगला उपयोग माहीत आहे." ते हळूहळू चालत होते, मधेच थांबत होते. चढ आला की, बूट सैल झाल्याचं निमित्त करून मागे राहत. मीही ते निमित्त खरं मानत असे.

डोंगर चढायचा दिवस उजाडला तो स्वच्छ उन्हाचा. अरविंद म्हणाले, "तुम्ही दोघी जा. मी टॉमबरोबर बसतो." मी जाऊ नये असं मला वाटत होतं आणि जावं असंही वाटत होतं. नर्स माझ्याबरोबर वर जाणार, खाली त्यांच्याजवळ औषधपाण्याचं कळणारं कोणी नाही, हाही विचार आला. पण ते स्वतःच म्हणाले, "अगं, हवा चांगली आहे. जा ना."

बोरीनच्या (दोन दगडी बांधांमधली अरुंद वाट) तोंडाशी कॅथलीनने खाली वाकून एक दगड उचलला आणि मलाही एक घ्यायला लावला. वर जाणाऱ्याने खालून एक दगड न्यायचा आणि राणीच्या राशीवर ठेवायचा, असा तिच्या लहानपणापासूनचा रिवाज. वाट गवताची, मधे चिखलाची. मेंढ्या आमच्याकडे बघून तोंड फिरवत होत्या. जसजसं वर जावं तसा समुद्र दोन्ही बाजूंनी उलगडत गेला. खाली ओहोटीची वाळू चमकत होती आणि समोर उत्तरेला एक भलामोठा सपाट डोंगर उभा होता. राणी त्याच्याच दिशेला तोंड करून उभी, असं कॅथलीन म्हणाली.

वारा असा होता की बोललेलं तोंडातच राहत होतं. मी पदर कमरेला खोचून, वरून कोट घालून चढत होते. कोणाकडे वळून बघायचं नव्हतं. कोणाची पावलं मोजायची नव्हती. मला इतकं हलकं वाटलं की त्याची मला जरा लाजच वाटली.

माथ्यावर पोचलो आणि त्या राशीचं टोक बघायला मला मान वर करावी लागली. खालून लिंबाएवढी दिसणारी ती रास जवळून दोन मजली घराहून उंच होती. हाताने उचलता येतील असे करडे दगड, एकावर एक, कुठेही चुना नाही की माती नाही. कोणी आणले असतील एवढे दगड एवढ्या वर? मी माझा दगड पायथ्याशी ठेवला. रिवाज म्हणून नमस्कार केला. कॅथलीनने छातीवर क्रॉसची खूण केली आणि मग आम्ही दोघीही आपापल्या हातांकडे बघून हसलो.

तेवढ्यात समुद्राकडून ढग आला. ढग म्हणजे काय, डोंगराएवढी पांढरी भिंतच. क्षणापूर्वी दिसणारा किनारा गेला, मेंढ्या गेल्या, मग राशीची पलीकडची बाजू गेली.

"डोंगराने टोपी घातली," कॅथलीन म्हणाली. "आता हलायचं नाही. एका बाजूला कडा आहे. बसायचं, चहा प्यायचा. टोपी काढली की निघायचं."

राशीच्या आडोशाला, जिथे वारा लागत नव्हता तिथे आम्ही बसलो. थर्मासमधला चहा संपला. टोपी निघेना. ओलावा कोटातून आत शिरला. कॅथलीन शांत होती, ती या डोंगरावर वाढलेली. मला मात्र अरविंदांच्या दुपारच्या गोळीची आठवण झाली. टॉमला ती गोळी कुठली ते माहीत नाही. त्यांना काळजी वाटेल. काळजीने काही झालं तर? मी उठून उभी राहिले. कॅथलीनने हात धरून खाली बसवलं. पुन्हा उठले, तिने पुन्हा बसवलं.

आणि मग धुक्यातून आवाज आला. लांबून, तुटक, पण आला.

"कुमुऽऽद!"

आमच्या एवढ्या संसारात त्यांनी मला चारचौघांत नावाने कधी मोठ्याने हाक मारलेली नव्हती. "अगं" आणि "ऐकलंस का", बस. मला वाटलं, काळजीने कान वाजताहेत. पण कॅथलीननेही माझा दंड घट्ट धरला होता.

"ऐकलंस? ही आयरिश हाक नाही."

"कुमुऽऽद! ए कुमुद!"

"अहो!" मी जीव खाऊन ओरडले. "इकडे! राशीपाशी! तुम्ही हलू नका, आहात तिथेच थांबा!"

ते थांबले नाहीत. आधी टॉमची शिट्टी ऐकू आली, मग कुत्रा आला, आणि मग धुकं फाटल्यासारखं होऊन अरविंद आले. अंगात टॉमचा गुडघ्याखाली जाणारा कोट, पायात टॉमचेच रबरी बूट, चेहरा लालबुंद, तोंडाने श्वास. मागे टॉम, टोपीसकट.

एवढ्या भीतीनंतर मी काय म्हणावं? मी म्हटलं, "तुम्ही वर कशाला आलात? कोणी सांगितलं होतं? काही झालं असतं म्हणजे?"

"आणि तुला काही झालं असतं म्हणजे?"

"मला काय होणार आहे? मी इथे बसून चहा पितेय!"

"मला काय माहीत तू चहा पितेस ते! खिडकीतून बघतो तर डोंगरच नाही!"

मग आम्ही दोघंही एकाच वेळी ओरडत होतो, मराठीत, आयर्लंडच्या एका डोंगरमाथ्यावर. त्या बहीणभावाला एक शब्द कळत नव्हता, पण ते बाजूला उभे राहून नीट ऐकत होते. टॉम कॅथलीनला हळूच म्हणाला, "आतल्या बाईला कंपनी मिळाली."

कॅथलीनने दोन्ही हात वर करून आम्हाला थांबवलं. अरविंदांना दगडावर बसवून तिने त्यांचं मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत राहिली. ते थोडे क्षण मला जड गेले. तिचे ओठ मोजताना हलत होते. मी त्या ओठांकडे बघत होते आणि वारा, धुकं, राणी, काहीच नव्हतं.

"नाडी डोंगर चढून आलेल्या माणसाची असावी तशी आहे," ती म्हणाली. "अगदी नीट. टॉम, तुझी दाखव." तिने भावाचं मनगट धरलं आणि भुवया वर केल्या. "प्रोफेसर, तुमची याच्यापेक्षा बरी."

अरविंद हसले. पोटातून, खोकला येईपर्यंत हसले. हा आवाज मी गेल्या हिवाळ्यापासून ऐकला नव्हता. मी त्या राशीकडे तोंड फिरवलं आणि दगड निरखत असल्यासारखं दाखवत डोळे पुसले. सगळे माझ्याकडे बघत नसल्यासारखे उभे राहिले, त्यामुळे फारसं काही लपलं नाही.

काय घडलं ते टॉमने नंतर सांगितलं. डोंगर दिसेनासा झाल्यावर तो म्हणाला होता, कॅथलीनला इथली वाट पाठ आहे, बसा. अरविंद बसले. उठले. खिडकीशी गेले. पुन्हा बसले. मग त्यांनी खुंटीवरचा टॉमचा कोट घेतला. टॉमने विचारलं, "आणि तुमच्या हृदयाचं काय?"

"ते म्हणाले, ते माझ्याबरोबर येईलच," टॉम म्हणाला. "त्यावर मी काय बोलणार?"

धुकं विरळ झाल्यावर आम्ही उतरलो. टॉम पुढे, कुत्रा कधी पुढे कधी मागे. मी अरविंदांची बाही धरून चालत होते आणि त्यांनी ती सोडवून घेतली नाही. अर्ध्या वाटेवर उजेड एकदम पसरला आणि खालची खाडी दिसली, ओली आणि लखलखीत. अरविंद उभे राहिले. दम लागला म्हणून मी घाबरले, तर ते म्हणाले, "काय सुंदर आहे गं. वर जाताना मी काहीच बघितलं नाही."

घरी पोचल्यावर त्यांनी गोळी घेतली आणि कॅरगीनच्या दोन वाट्या संपवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गाडीची किल्ली मागितली. "तुझ्या ड्रायव्हिंगने मला दुसरा अ‍ॅटॅक येईल," असं कारण दिलं. त्या शब्दाची त्यांनी थट्टा केली हे माझ्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. राहिलेले दिवस तेच गाडी चालवत होते. समुद्रकाठच्या गावांत आम्ही हिंडलो, पावसात भिजलो, वाट चुकलो म्हणून एका दुकानात विचारायला गेलो आणि तासभर गप्पा मारून वाट न विचारताच बाहेर आलो. निघताना टॉमने अरविंदांचा हात बराच वेळ हलवला. मला म्हणाला, "ते काळे बारीक दाणे थोडे ठेवून जा. कुत्र्याला सवय करतो." मी मोहरीची सगळी पुडी ठेवून आले.

स्टेट कॉलेजला परतलो तेव्हा उन्हाळा ऐन भरात होता आणि विद्यार्थी गेल्यामुळे गाव रिकामं होतं. त्या शनिवारी अनघा भेटायला आली. अरविंदांनी तिला डोंगराची हकीगत सांगायला घेतली. त्यांच्या सांगण्यात डोंगर बराच उंच झाला होता आणि कडा तर अगदी पायाखाली आला होता. अनघा माझ्याकडे वळून म्हणाली, "अँड यू लेट हिम, आई?"

"मी कुठे सोडलं? तेच आले," मी म्हटलं.

त्यावर मी पुढे बरेच दिवस विचार करत होते. त्यांची काळजी करायची हे काम माझं एकटीचं आहे, असं मी त्या हिवाळ्यात धरून चालले होते. आजारी माणूस स्वतःपुरता उरतो, त्याच्याकडून आता कसली अपेक्षा ठेवायची, असं मनाशी ठरवूनही टाकलं होतं. कॅथलीनने नाडी चांगली आहे म्हणून सांगितलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, हे खरं. पण त्याहून मोठा दिलासा त्या हाकेचा होता. माझ्यासाठी घाबरणारं माणूस घरात अजून होतं.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी जरा आडवी झाले. बाहेर बापलेकीचं बोलणं चाललं होतं, अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत. मग ते थांबलं. एरवी असा आवाज थांबला की मी उठून बघायला जाई. त्या दिवशी गेले नाही. डोळा लागला. जाग आली तेव्हा उन्हं उतरली होती, घरात कोणी नव्हतं, आणि दोघंही मला न उठवता फिरायला निघून गेले होते.